निवळ पाणी, निर्धोक पाणी

मुरूडच्या किनारपट्टीत आमचं गाव. खाडी जवळ, त्यामुळे विहिरीचं पाणी मचूळ. पावसाळ्यात दादी कौलांच्या पागोळ्यांखाली हंडे, घंगाळं मांडून ठेवायची. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस मात्र ती वाहून जाऊ द्यायची. म्हणायची, "आधी कौलं न्हाऊ देत." मग पाणी धुवट मलमलीतून गाळायचं, तुरटी फिरवायची, रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून घेतलं की तांब्याचा तळ लख्ख दिसे.

हे शहाणपण दादीच्याही फार आधीचं. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या डोंगरावर जाऊन पाहा. बौद्ध भिक्षूंच्या लेण्यांजवळ खडकात खोदलेली टाकी आहेत. पावसाचं पाणी त्यांत साठायचं. तिथल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलं आहे, आणि पोढी दान दिल्याच्या नोंदी आहेत. पाणी साठवून देणं हे पुण्यकर्म होतं.

साठवलेलं पाणी प्यायचं कसं, याचाही विचार झाला होता. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय आहेत. निवळीचं बी त्यांत आहे आणि साधं कापडही आहे. बिघडलेल्या पाण्यासाठी वेगळे उपाय सांगितले आहेत: ते अग्नीवर उकळावं, उन्हात तापवावं किंवा तापलेला लोखंडाचा गोळा त्यात बुडवावा. म्हणजे गढूळ पाणी वेगळं आणि बिघडलेलं वेगळं, हा भेद त्या काळीही माहीत होता. घरोघरी उतरला तो निवळण्याचा भाग. उकळण्याचा मागे राहिला.

कारण साधं होतं. पावसाळ्यात जळण ओलं असतं. आमची चूल स्वयंपाकापुरतीच पेटायची.

माझी धाकटी बहीण चार वर्षांची असताना एका श्रावणात हगवणीनं गेली. ती पाण्यानंच गेली, असं आज मी शपथेवर सांगू शकत नाही. दादीनं मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. "पाणी आरशासारखं होतं रे," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

आरशासारख्या पाण्यातही काय असू शकतं, हे जगाला उशिरा कळलं. 1884 साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं कलकत्त्यात पटकीच्या रोग्यांमध्ये आढळणारा जंतू तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही शोधून काढला. तुरटीनं गाळ खाली बसतो, त्याबरोबर काही जंतूही बसतात; पण सगळे नाही, आणि ते मरत नाहीत.

मग दादीचं गाळणं वाया गेलं का? नाही. बांगलादेशातल्या मतलब भागात रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या सुती साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळायला सांगितलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात, ते कापडात अडकतात. 2003 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पटकीचं प्रमाण सुमारे 48 टक्क्यांनी घटलं होतं. कापडानं जवळजवळ निम्मं काम केलं. उरलेलं निम्मं विस्तवाचं.

मी शब्दांत रमणारा माणूस. आमच्या घरात पावसाचं पाणी ‘पाक’ मानलं जायचं, वजूला चालायचं. गाळलं की ते ‘निवळ’ व्हायचं. पण पाक, निवळ आणि निर्धोक हे तीन वेगळे शब्द आहेत, हे आमचं घर फार मोठी किंमत देऊन शिकलं.

तेव्हा पागोळ्यांचं पाणी प्यायचं असेल तर पहिले पाऊस सोडा. नंतरचं पाणी गाळा, निवळू द्या, मग खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या. झाकून ठेवा, ओगराळ्यानंच काढा. एक मात्र ध्यानात असू द्या: छताच्या रंगातलं शिसं उकळून जात नाही, म्हणून जुन्या रंगवलेल्या पत्र्यावरचं पाणी पिऊच नका.

बहीण गेली त्या वर्षापासून दादी उन्हाळ्यातच वेगळी मोळी बांधून माळ्यावर टाकायची. त्या लाकडांना कुणी हात लावायचा नाही, ईदच्या बिर्याणीसाठीही नाही. ती फक्त पाण्याची होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)