मार्बलहेडची कोळी पलटण



पलटण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कवायत, बिगूल आणि एका तालात पडणारी पावले येतात. आज ज्या पलटणीची हकिगत मी सांगणार आहे ती होती पायदळाचीच. पण तिच्यातले बहुतेक शिपाई कोळी आणि खलाशी होते. तिचे नाव इतिहासात राहिले ते बंदुकीपेक्षा वल्ह्यामुळे. ही पलटण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली. हे युद्ध १७७५ साली पेटले आणि १७८३ च्या तहाने संपले. तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठाव केला, कर आणि प्रतिनिधित्व यांवरून भांडण जुंपले, हे आपल्या शिक्षकबंधूंना ठाऊक आहेच. त्यात मी वेळ घालवीत नाही. आपण थेट समुद्रकाठी जाऊ.

मॅसॅच्युसेट्स प्रांतात, बॉस्टनच्या उत्तरेला मार्बलहेड नावाचे बंदर आहे. जमीन सगळी खडकाळ. नांगर घालावा तर फाळ तुटायचा. तेव्हा गाव जगायचे ते मासळीवर. मासळी म्हणजे कॉड. ती गावाजवळ मिळणारी नव्हे. न्यूफाउंडलंडच्या बाजूला ग्रँड बँक्स म्हणून समुद्रातले मोठे उथळ पठार आहे, तिथवर दोन डोलकाठ्यांची गलबते घेऊन जायचे, आठवडेच्या आठवडे धुक्यात आणि थंडीत गळ टाकून बसायचे, मासा चिरून मिठात घालायचा आणि घरी आणून माचांवर वाळवायचा. आपल्या कोकणातल्या सुकटीचीच ही मोठी भावंडे म्हणा ना! चांगला माल स्पेन-पोर्तुगालला जाई. हलका माल वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर, तिथल्या गुलामांच्या पोटी. आणि त्याच्या बदल्यात काकवी व रम येई. म्हणजे पुढे स्वातंत्र्यासाठी लढलेल्या या गावाच्या भाकरीत गुलामांच्या घामाचा वाटा होता. हेही सांगितले पाहिजे. नाहीतर गोष्ट गोड होते आणि खोटी होते.

१७७५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला, की न्यू इंग्लंडच्या लोकांनी उत्तरेच्या त्या समुद्रात मासेमारी करायची नाही. शेतकऱ्याला शेतात पाऊल ठेवू नको म्हणण्यासारखेच हे! चहावरच्या कराचे भांडण शहरातल्या व्यापाऱ्याचे असेल, पण या कायद्याने भांडण थेट कोळ्याच्या चुलीपर्यंत आले. नोकरी गेलेले, थंडीवाऱ्याला सरावलेले, एका सुरात वल्ही मारणारे शेकडो तरणे लोक किनाऱ्यावर रिकामे उभे राहिले. पलटण उभी करायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

पलटणीचा कर्नल जॉन ग्लोव्हर. जन्म १७३२. धंद्याने हा आधी चांभार, जोडे शिवणारा. मग रमचा व्यापार केला, गलबते घेतली आणि गावातला एक बडा असामी झाला. त्याची एक हकिगत सांगण्याजोगी आहे. त्या काळी देवीच्या साथीने गावेच्या गावे धुऊन जात. जेनरची लस अजून निघायची होती. पण देवीचाच सौम्य दोष मुद्दाम अंगात टोचून पुढचे मरण टाळण्याची एक रीत होती. ग्लोव्हर आणि इतर काही जणांनी गावासमोरच्या एका बेटावर त्यासाठी इस्पितळ काढले. लोकांना वाटले, हे साथ गावात आणणार! १७७४ च्या जानेवारीत त्यांनी ते इस्पितळ जाळून टाकले. दीड वर्षानेच ग्लोव्हरला ज्या माणसांवर हुकूम चालवायचा होता, ती याच गावची. ती त्याच्यामागे गेली, हे मला नवलाचे वाटते. पण तांडेलाशी किनाऱ्यावर कितीही भांडण असो, होडीत बसल्यावर त्याचा शब्द मोडून चालत नाही, हे दर्यावर्दी माणसाला सांगावे लागत नाही.

दहा तुकड्यांची, सुमारे पाचशे माणसांची ही पलटण १७७५ च्या उन्हाळ्यात सैन्यात दाखल झाली आणि १ जानेवारी १७७६ पासून तिला चौदावी कॉन्टिनेंटल रेजिमेंट हे नाव मिळाले. अंगात खलाशाचे निळे जाकीट. गोऱ्यांच्या बरोबर तिच्यात काळे आणि काही मूळ रहिवासी म्हणजे इंडियन लोकही होते. गलबतावर अशी सरमिसळ चालत आलेली, तीच पलटणीत आली. पेनसिल्व्हेनियाचा ग्रेडन नावाचा एक अधिकारी होता. न्यू इंग्लंडच्या पलटणी त्याला गबाळ्या वाटत; शिस्तीची अशी ही एकच, असे त्याने पुढे आपल्या आठवणींत लिहिले. आणि लगेच नाक मुरडले, की हिच्यात काळे लोक आहेत हे मात्र बरे दिसत नाही! जी पलटण सर्वांत शिस्तीची तिच्यातच ही मिसळ, या दोन गोष्टी त्याने एका दमात लिहिल्या आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असेल असे त्या भल्या माणसाच्या मनातही आले नाही.

ग्लोव्हरचे एक गलबत होते, नाव ‘हॅना’. ते सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने भाड्याने घेतले, त्यावर तोफा चढवल्या, याच पलटणीतली माणसे बसवली आणि १७७५ च्या सप्टेंबरात इंग्रजांची रसद अडवायला पाठवले. अमेरिकी आरमाराची सुरुवात तिथून धरावी असे मार्बलहेडवाले म्हणतात. शेजारचे बेव्हर्ली गाव म्हणते, गलबत आमच्या बंदरातून सुटले, तेव्हा मान आमचा. हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपण त्यात पडायला नको.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. १७७६ च्या जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला आणि ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती हाऊ वीस हजारांहून अधिक फौज घेऊन न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर उतरला. २७ ऑगस्टच्या लढाईत अमेरिकनांचा साफ पराभव झाला. उरलेले सुमारे नऊ हजार लोक ब्रुकलिनच्या मोर्च्यांत कोंडले गेले. पुढे शत्रू, मागे ईस्ट रिव्हर. नाव नदीचे असले तरी ती खरी समुद्राची खाडीच आहे. भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त. रुंदी सुमारे मैलभर. वारा फिरला की इंग्रजांची लढाऊ जहाजे खाडीत शिरणार आणि खेळ तिथेच खलास! स्वातंत्र्य जाहीर होऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते.

२९ ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनने सगळी फौज पलीकडे न्यूयॉर्कला नेण्याचे ठरवले. मिळतील त्या होड्या गोळा झाल्या. काम सोपवले ग्लोव्हरच्या पलटणीवर आणि तिच्या जोडीला सेलम व लिन भागातल्या हचिन्सनच्या पलटणीवर. वल्ह्यांना चिंध्या गुंडाळल्या, बोलणे बंद, दिवा बंद. मोर्च्यांतल्या शेकोट्या मात्र पेटत्या ठेवल्या, शत्रूला वाटावे की लोक जागेवर आहेत. सुरुवातीला ईशान्येचा वारा आणि ओहोटी यांनी शिडाच्या होड्या चालेनात. मध्यरात्रीच्या सुमाराला वारा पालटला. मग शिडे भरली आणि काम झपाट्याने होऊ लागले. होड्या इतक्या भरलेल्या, की पाणी काठापासून चार-सहा बोटांवर. काळोखात, बिनबोभाट, खेपेवर खेप! ज्याने भरल्या होडीतून रात्री खाडी ओलांडली असेल त्याला यातले मर्म मी सांगायला नको.

मध्येच एक घोटाळा झाला. पिछाडी सांभाळणाऱ्या मिफ्लिन नावाच्या सेनापतीला चुकून वेळेआधीच निरोप गेला, की निघा. तो सगळी माणसे घेऊन धक्क्याकडे आला. मोर्चे उघडे पडले! वॉशिंग्टनने त्यांना परत फिरवले आणि ती माणसे मुकाट्याने पुन्हा शत्रूच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. शत्रूला पत्ता लागला नाही.

पहाट झाली, तरी बरेच लोक अलीकडेच होते. आणि तेवढ्यात दाट धुके उतरले. टॉलमॅज नावाचा तरुण अधिकारी त्या पिछाडीत होता. सहा यार्डांवरचा माणूस ओळखू येईना, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. हा टॉलमॅज पलीकडे पोचला आणि त्याला आठवले, की आपला आवडता घोडा पैलतीरी बांधलेला राहिला! गडी पुन्हा होडी घेऊन गेला आणि घोडा घेऊन आला. धुके उठले तेव्हा इंग्रजांना रिकामे मोर्चे दिसले. चिखलात रुतलेल्या थोड्या जड तोफा आणि लुटीच्या लोभाने मागे रेंगाळलेले काही जण, एवढेच हाती लागले. वॉशिंग्टन शेवटच्या होड्यांपैकी एकीतून आला.

ऑक्टोबरच्या १८ तारखेला पेल्स पॉइंट इथे ग्लोव्हरने साडेसातशे माणसांनिशी इंग्रजांच्या चार हजारांच्या फौजेला दिवसभर खोळंबवले. शेताच्या दगडी गडग्यांआड एकेक पलटण दडवायची, तिने गोळ्या झाडून मागे सरायचे, की पुढच्या गडग्याआडून दुसरीने उठायचे. त्या दिवशी त्याची स्वतःची कोळी पलटण राखीव होती. तेवढ्या अवधीत वॉशिंग्टनची फौज सुरक्षित मागे सरकली.

डिसेंबर उजाडला तेव्हा फौज हरत हरत डेलावेअर नदीच्या पश्चिमेला गेली होती. बहुतेकांची एक वर्षाची कबुली ३१ डिसेंबरला संपत होती. त्यानंतर फौजच उरणार नव्हती! म्हणून वॉशिंग्टनने नाताळच्या रात्री नदी ओलांडून ट्रेंटनच्या जर्मन भाडोत्री पलटणींवर छापा घालायचे योजले. तीन ठिकाणी नदी ओलांडायची होती. बाकीच्या दोन ठिकाणी बर्फामुळे बेत फसला. मॅककॉन्कीच्या उतारावर मात्र ग्लोव्हरचे लोक होते. त्यांच्या मदतीला फिलाडेल्फियाचे खलाशी आणि तिथले नावाडीही होते. लोखंड वाहणाऱ्या लांबलचक डरहॅम होड्या, वाहत येणारे बर्फाचे तुकडे, वरून गारा आणि हिमवर्षाव. हेन्री नॉक्स हा एकेकाळचा पुस्तकविक्या. त्याचा आवाज तेवढा त्या वादळात ऐकू जाई, तो हुकूम ओरडत होता. २,४०० माणसे, १८ तोफा आणि घोडी पलीकडे गेली. ठरल्या वेळेहून तीन तास उशीर झाला, पण माणूस एकही बुडाला नाही. कोळ्यांनी वल्ही ठेवली, बंदुका उचलल्या आणि नऊ मैल चालून सकाळी आठच्या सुमाराला लढाईत उतरले. असनपिंक ओढ्यावरचा पूल रोखून शत्रूची वाट त्यांनीच तोडली. जर्मनांचा कर्नल राल प्राणांतिक जखमी झाला, नऊशेच्या आसपास कैदी मिळाले. मग त्याच लोकांनी पुन्हा नऊ मैल चालून कैद्यांसकट सगळ्यांना नदीपार परत आणले.

या प्रसंगाचे लॉइट्झे या चित्रकाराने १८५१ साली काढलेले चित्र पुष्कळ पुस्तकांत असते. वॉशिंग्टन होडीत ताठ उभा आहे. होडी फार लहान आहे, आणि वर फडकणारा तारे-पट्ट्यांचा ध्वज १७७७ च्या जूनपर्यंत ठरलाच नव्हता. पण वल्ही मारणाऱ्यांत त्याने एक काळा माणूस काढला आहे, तेवढे मात्र खरे आहे. वर्गात हे चित्र दाखवून मी विचारतो, यात तुम्हाला कोण कोण दिसते? पोरे म्हणतात, ‘वॉशिंग्टन.’ पुढे कोणी बोलत नाही.

आणि आता जी गोष्ट पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत ती. ३१ डिसेंबरला कबुली संपली आणि पलटणीतले बहुतेक लोक घरी निघून गेले. ट्रेंटनला पाच दिवस झाले होते! वॉशिंग्टनने सहा आठवडे थांबणाऱ्याला दहा डॉलर बक्षीस लावले. इतर पलटणींतले बरेच थांबले, हे थांबले नाहीत. पलटण मोडली. काही इतिहासकार याबद्दल त्यांना बोल लावतात. मला तो पटत नाही. एक वर्षाचा शब्द दिला होता, तो शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. घरी मासेमारी बंद, बायकापोरे उपाशी. आणि परवाना घेऊन शत्रूची व्यापारी जहाजे पकडणाऱ्या खासगी गलबतांवर लुटीत वाटा मिळे. त्यांतली पुष्कळ माणसे तिकडे गेली आणि युद्धच करीत राहिली. आपल्याकडेही दसऱ्याला मोहिमेवर निघालेला शिपाई पावसाच्या तोंडाशी पेरणीसाठी घरी फिरे. त्याला आपण पळपुटा म्हणत नाही. ग्लोव्हरसुद्धा घरी गेला होता. १७७७ मध्ये त्याला ब्रिगेडियर जनरल केले तेव्हा तो कचरत होता. वॉशिंग्टनने पत्र लिहून मन वळवले तेव्हा परत आला.

लाँग आयलंडला वॉशिंग्टनच्या फौजेला वळसा घालणाऱ्या इंग्रजांत एक सेनापती होता लॉर्ड कॉर्नवॉलिस. १७८१ साली यॉर्कटाऊनला त्याची फौज शरण गेली. १७८६ मध्ये तोच गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १७९१-९२ च्या टिपूवरच्या मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याच्याच बाजूने श्रीरंगपट्टणला होत्या. अमेरिकेत ज्याचे राज्य गेले तो इथे राज्य वाढवीत होता, आणि आपण त्याला हात देत होतो.

युद्ध संपले तेव्हा मार्बलहेडमध्ये विधवा आणि पोरकी मुले शेकड्यांनी होती. गलबते गेली होती, धंदा बसला होता. ग्लोव्हर १७९७ मध्ये वारला. त्याआधी, १७८९ च्या ऑक्टोबरात, अध्यक्ष झालेला वॉशिंग्टन दौऱ्यावर असताना मुद्दाम वाट वाकडी करून मार्बलहेडला गेला. रात्री आपल्या रोजनिशीत त्याने गावाची वस्ती लिहिली, मासळीचा व्यापार लिहिला, आणि लिहिले की घरे जुनी आहेत आणि रस्ते घाण आहेत.