काचेचे करंडे आणि गोव्याहून निघालेलं जहाज

ठाकुर्लीत राहणाऱ्याला खाडीच्या बातम्या चुकत नाहीत. उल्हास नदीच्या पात्रात किंवा पुढे मुंब्र्याकडे कुणाचा तरी मृतदेह सापडतो आणि दोन दिवसांनी पेपरात 'डायटम टेस्ट' हा शब्द येतो. माणूस जिवंतपणी पाण्यात पडला असेल तर पाणी छातीत ओढलं जातं, त्याबरोबर पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ फुफ्फुसातून रक्तात आणि तिथून हाडाच्या मगजापर्यंत पोचतं. मेल्यावर टाकला असेल तर रक्ताभिसरण थांबलेलं असतं, मगजापर्यंत ते सहसा जात नाही. या चाचणीच्या खात्रीबद्दल तज्ज्ञांत वाद आहेत, पण तिचा पाया एकच: सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा तो कण कोणत्या जातीचा, हे कुणाला तरी ओळखता आलं पाहिजे. मगजात सापडलेला आणि खाडीच्या पाण्यातला एकच आहे का?

हे ओळखणं कुठून आलं, याचा माग काढत गेलो तो थेट दक्षिण ध्रुवाजवळ पोचलो. आणि तिथून परत गोव्याला.

डायटमला मराठीत 'करंडक वनस्पती' म्हणतात. नाव कुणी दिलं असेल त्याला दाद द्यावी. या एकपेशीय शेवाळाभोवती सिलिकेचं, म्हणजे जवळजवळ काचेचंच, कवच असतं. त्याचे दोन भाग, एक दुसऱ्यावर झाकणासारखा बसणारा. कुंकवाचा करंडा तसाच असतो. आमच्या घरात करंडा नव्हता, आजीचं पानदान होतं. पण झाकण बसतं ते तसंच. पेशी मेली तरी काच उरते, आणि त्या काचेवरच्या रेघा, भोकं आणि कडा यांवरून जात ठरते.

थंड समुद्रातले डायटम विज्ञानाच्या वहीत आले ते जोसेफ हूकरमुळे. जेम्स क्लार्क रॉसच्या 'एरेबस' आणि 'टेरर' या जहाजांच्या १८३९ ते १८४३ च्या सफरीत हा तरुण डॉक्टर वनस्पती गोळा करत होता. जमिनीवर झाड नाही, गवत नाही, पण समुद्रातला बर्फ मात्र तपकिरी डागाळलेला. ते नमुने बर्लिनला एरेनबर्गकडे गेले आणि १८४४ मध्ये त्याने त्यांचं वर्णन छापलं. डाग म्हणजे कोट्यवधी डायटम. पुढे केर्गेलेन बेटांकडून आलेल्या नमुन्यांतून यूजीन ओ'मीरा या आयर्लंडच्या पाद्र्याने १८७७ मध्ये एका जातीला केर्गेलेनचं नाव दिलं. आज तिला 'फ्रॅजिलारिऑप्सिस केर्गेलेन्सिस' म्हणतात. दक्षिण महासागराच्या तळावर जो पांढुरका गाळ हजारो मैल पसरला आहे, त्यात हिच्या कवचांचा वाटा फार मोठा.

त्या काळी हे काम एक रिकामा वेळ असलेला पाद्री करू शकत होता. पुढे ते तितकं सोपं राहिलं नाही. नमुना आम्लात उकळायचा, जिवंत भाग जळून जाऊ द्यायचा, उरलेली काच धुऊन काचपट्टीवर बसवायची, मग हजारपट मोठं करून रेघा मोजायच्या. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात किती रेघा बसतात, हा हिशेब. केर्गेलेन्सिसमध्ये ४ ते 7 भरतात, तिच्याच 'सिलिंड्रस' या बहिणीत १३ ते १७. एक उघड्या समुद्रात राहणारी, दुसरी बर्फाला चिकटून. रेघा चुकीच्या मोजल्या तर हजारो वर्षांपूर्वी तिथे बर्फ होता की पाणी, याचं उत्तरच उलटं होतं.

या कामातलं मोठं नाव नॉर्वेच्या ग्रेटे हास्ले या बाईंचं. 'ब्रेटेग' मोहिमेने १९४७-४८ मध्ये आणलेल्या पाण्याच्या नमुन्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक या कामाला लावला. १९७२ मध्ये त्यांनी फ्रॅजिलारिऑप्सिस हा वेगळा वंश मानायचं कारण नाही म्हणून तो 'निट्शिया' या मोठ्या वंशात घातला. दोन दशकांनी मत फिरलं, आणि १९९३ मध्ये त्या जाती पुन्हा वेगळ्या वंशात नोंदवण्याचं काम खुद्द हास्लेबाईंनीच केलं. स्वतःच मोडलेलं घर स्वतःच पुन्हा उभं करायचं. आपल्या उलेमांत आणि पुढाऱ्यांत असं कितीजण करतील, हा प्रश्न मनात आला, तो इथेच सोडतो.

आपल्याकडे या काचेच्या मागे लागलेला माणूस म्हणजे एच. पी. गांधी. ध्रुवावर नव्हे, कोल्हापूर, धारवाड, जोग, अहमदाबाद इथल्या तळ्यांत आणि डबक्यांत. पन्हाळगडावरच्या पाण्यातल्या डायटमवरचा त्यांचा निबंध १९५९ मध्ये 'हायड्रोबायोलॉजिया' या परदेशी नियतकालिकात आला. पन्हाळा म्हटलं की आपल्याला वेढा आठवतो. तिथल्या शेवाळाचीही कुणी शिरगणती केली आहे, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं.

आता गोवा. ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' हे नॉर्वेचं भाड्याचं जहाज गाजावाजा न करता निघालं. त्यावर २१ भारतीय. ९ जानेवारी १९८२ ला ते अंटार्क्टिकावर उतरले आणि मगच देशाला नीट कळलं. मोहिमेचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादचा जन्म, अलिगढचं शिक्षण, वेल्समधल्या बँगॉरची पीएच. डी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते १९७४ पासून संचालक होते. त्यांचं मूळ काम उष्ण पाण्यातलं: कोचीच्या बॅकवॉटरमध्ये सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशावर किती अन्न तयार करतं, ते कोणाच्या पोटात जातं. म्हणजे बर्फावर झेंडा लावायला गेलेला हा माणूस मुळात शेवाळाचा हिशेबनीस.

आपल्याकडे कासिम साहेब आठवले तर जामियाचे कुलगुरू म्हणून. 'मुसलमान आणि विज्ञान' या विषयावरची आपली भाषणं इब्न अल-हैथमपासून सुरू होतात आणि मध्ये कुठेही न थांबता कलामांवर उतरतात. मधल्या माणसांना गाळण्यात आपलाच तोटा आहे. मधली माणसं म्हणजे ज्यांनी संस्था चालवल्या, नमुने जपले, विद्यार्थी घडवले.

याच संस्थेची पुढची गोष्ट २००९ ची. प्रयोगाचं नाव 'लोहाफेक्स', लोहा म्हणजे आपलं लोखंडच. दक्षिण महासागरात बाकी सगळं असतं, लोहाची चणचण असते. थोडं लोह टाकलं तर शेवाळ फोफावेल, हवेतला कार्बन पोटात घेईल आणि मेल्यावर तो घेऊन तळाशी जाईल, अशी कल्पना. 'पोलारस्टेर्न' या जर्मन जहाजावर दोन प्रमुख होते: गोव्याच्या संस्थेचे डॉ. सय्यद वजीह अहमद नक्वी आणि भीमतालमध्ये वाढलेले व्हिक्टर स्मेटाचेक. पर्यावरणवाद्यांनी आरडाओरडा केला, जर्मन सरकारने काही दिवस काम थांबवलं, मग परवानगी दिली. दक्षिण अटलांटिकच्या एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यावर लोहाचं मीठ ओतलं गेलं.

(कुरआनच्या ५७ व्या सूरेचं नाव 'अल-हदीद', लोखंड. यावरून व्हॉट्सअॅपवर लोहाफेक्सचा संदेश तयार होण्याआधीच सांगतो, कृपया करू नका. कुरआनला गोव्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही.)

शेवाळ वाढलं. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर डायटम जवळजवळ नव्हतेच. आधीच्या नैसर्गिक बहरांनी त्या पाण्यातली सिलिका संपवून टाकली होती, आणि करंडा बांधायला काच नसेल तर लोह असून उपयोग काय? वाढले ते बिनकवचाचे बारके जीव. त्यांना झिंग्याच्या जातकुळीतल्या चिमुकल्या कोपेपॉडांनी खाऊन टाकलं, आणि त्या कोपेपॉडांना त्यांच्याहून मोठ्या ॲम्फिपॉडांनी. कार्बन वरच्या वर फिरत राहिला, तळाशी फारच थोडा गेला.

उपग्रहातून पाहणाऱ्याला तो पट्टा हिरवा दिसला असता आणि प्रयोग यशस्वी वाटला असता. त्या हिरव्यात कोण आहे आणि कोण नाही, हे जहाजावर थेंब थेंब तपासणाऱ्यांनीच सांगितलं. समुद्रात लोखंड टाकून हवामान दुरुस्त करू म्हणणाऱ्या कंपन्यांना ते उत्तर आवडणारं नव्हतं. नक्वी पुढे त्याच संस्थेचे संचालक झाले. कासिम साहेबांनी हे सगळं पाहिलं. २० ऑक्टोबर २०१५ रोजी त्यांचं निधन झालं.