बंदुकीचा सायलेन्सर: अमेरिकेत कर शून्य झाला, पण भारतात नियम काय आहे?

हिंगोलीत सायलेन्सर म्हटलं की आधी डोळ्यांसमोर बुलेट येते. गाडीला सायलेन्सर नसेल तर तो नियमभंग ठरतो. बंदुकीचं मात्र बरोबर उलटं आहे. तिथे परवान्याशिवाय सायलेन्सर बाळगला, तर थेट तुरुंगवास होऊ शकतो.

अमेरिकेतल्या कायदाबदलामुळे हा विषय पुन्हा चर्चेत आला आहे. तो बदल नेमका काय आहे आणि आपल्याकडे काय लागू होतं, ते समजून घेऊ.

सायलेन्सर खरंच आवाज बंद करतो का?

नाही. गोळी सुटताना नळीतून प्रचंड दाबाचा वायू बाहेर पडतो आणि त्याचा स्फोटासारखा आवाज होतो. सायलेन्सर हा वायू आतल्या कप्प्यांत अडवून हळूहळू सोडतो. हिराम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी संशोधकाला १९०९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. गाडीचा सायलेन्सरही याच तत्त्वावर चालतो.

बंदुकीचा आवाज साधारण १४० ते १७० डेसिबल असतो. सायलेन्सरमुळे तो २० ते ३५ डेसिबलने घटतो. म्हणजे उरलेला आवाजही अनेकदा मोठ्या फटाक्याएवढा असतो. सिनेमातला 'फुस्स' आवाज ही पडद्यावरची करामत आहे.

अमेरिकेत काय बदललं?

१९३४ च्या कायद्याने तिथे सायलेन्सरवर २०० डॉलर कर आणि सरकारी नोंदणी लागू झाली. २०२५ मध्ये सायलेन्सर या कायद्यातूनच वगळण्याचा प्रस्ताव आला. तो पूर्ण मंजूर झाला नाही. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने फक्त कर शून्यावर आणला, तोही १ जानेवारी २०२६ पासून. नोंदणी आणि पार्श्वभूमीची तपासणी कायम आहे. आठ राज्यांत तर सामान्य नागरिकांना सायलेन्सर ठेवायला बंदीच आहे.

समर्थक म्हणतात, यामुळे शिकारी आणि नेमबाजांचे कान वाचतात. विरोधकांचा मुद्दा असा की गोळीबार झाला तर तो कुठून होतोय हे लोकांना आणि पोलिसांना पटकन कळणार नाही.

भारतात काय?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मधली 'अग्निशस्त्र' ही व्याख्या इथे महत्त्वाची आहे. गोळीबाराचा आवाज किंवा ठिणगी कमी करण्यासाठी बनवलेलं उपकरणही या व्याख्येत येतं. म्हणजे बंदूक जवळ नसली, नुसता सायलेन्सर असला, तरी कायद्याच्या नजरेत ते अग्निशस्त्रच.

२०१९ च्या दुरुस्तीने ही व्याख्या सैल केली नाही, उलट शिक्षा वाढवल्या. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास आता २ ते ५ वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. बेकायदा बनवणाऱ्याला किमान ७ वर्षं, तर कमाल जन्मठेप. एका व्यक्तीकडच्या परवानाधारक बंदुकांची मर्यादाही तीनवरून दोनवर आली.

हिंगोलीच्या शेतकऱ्याला हे का माहीत हवं?

रानडुकरं आणि रोही रात्रीत उभं पीक झोपवतात. त्यामुळे राखणीसाठी बंदूक हवी, असं अनेकांना वाटतं. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि पोलिसांचा अहवाल मागवला जातो.

पण हा परवाना त्या बंदुकीपुरताच असतो, त्यात सायलेन्सर येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभाही नाही. वन्यप्राणी मारायचा असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

थोडक्यात

परदेशी व्हिडिओ पाहून सायलेन्सर ऑनलाइन मागवणं किंवा घरी, वर्कशॉपमध्ये बनवून बघणं, दोन्ही महागात पडू शकतं. कर अमेरिकेत शून्य झाला आहे. भारतातला कायदा जिथे होता तिथेच आहे, आणि शिक्षा आधीपेक्षा कडक आहे.