टिळकनगर (फैजपूर)
जळगाव जिल्ह्याच्या यावल तालुक्यातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी उभारलेली तात्पुरती वसाहत. काँग्रेसचे हे पन्नासावे अधिवेशन २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली झाले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन. आहे त्या परिसराला धक्का न लावता लोकांना एकत्र येण्यासाठी वास्तू कशी उभारावी, याचा महाराष्ट्रातील हा फार मोलाचा नमुना आहे. वास्तुकलेच्या अभ्यासात त्याला अजून त्याच्या योग्यतेची जागा मिळालेली नाही.

रचनेसाठी महात्मा गांधींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले. आपण चित्रकार, बांधकामाचे जाणकार नव्हे, म्हणून बोस प्रथम कचरले. गांधींनी त्यांना आपली कल्पना समजावून दिली आणि तिला आकार देण्याचे काम त्यांच्यावरच सोपवले. वास्तुविशारद म्हात्रे त्यांच्या जोडीला होते. शहरातून सामान आणायचे नाही, असे ठरले. मुख्य आधार बांबूचा. बाकी सारे गावात मिळेल ते, आणि हात तिथल्याच मजुरांचे. कमानी, मांडव, प्रदर्शनाची दालने अशीच उभी राहिली. अध्यक्षांसाठी बोस यांनी साध्या बैलगाडीला रथाचे रूप दिले आणि त्याला बैलांच्या सहा जोड्या जुंपल्या. शेतकऱ्याच्या अंगणातली गाडी मिरवणुकीत शोभून दिसली, कारण ती त्याच रस्त्यावरची होती. परकी वस्तू कितीही सजवली तरी तिला ही शोभा येत नाही.

बोस यांनी हीच रीत पुढे हरिपुरा अधिवेशनात (१९३८) वापरली. हरिपुरा हेही खेडेच, सुरत जिल्ह्यातले, तापीकाठचे.

जुन्या शहरी उद्यानात व्यायामशाळा, वाचनालय किंवा करमणुकीचे सभागृह बांधताना, आहे त्या परिसराला धक्का न लावता कसे उभारावे, हाच प्रश्न कायमस्वरूपी बांधकामालाही लागू होतो. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेशी जोडून १८७२ मध्ये खुले झालेले संग्रहालय (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) बागेच्या कडेला आहे, मधोमध नाही. इमारतीची उंची झाडांच्या शेंड्याखाली ठेवणे, पाया खणताना मुळे सांभाळणे, जुन्या पायवाटा न मोडणे आणि दगड-लाकूड जवळचे घेणे, ही पथ्ये नकाशा काढण्यापूर्वी ठरवायची असतात. इमारत उभी राहिल्यावर भोवती कुंड्या मांडून ती साधत नाहीत.

टिळकनगरातील प्रदर्शनाचे उद्घाटन गांधींनी २५ डिसेंबर १९३६ रोजी केले. त्या भाषणात त्यांनी रचनेचे श्रेय बोस व म्हात्रे यांना दिले आणि स्थानिक साहित्य व स्थानिक मजूर यांवरच सारे उभे राहिल्याचे सांगितले. खानदेशातल्या जुन्या बागेत नवी इमारत योजणाऱ्या प्रत्येक नगरपालिकेने आणि वास्तुविशारदाने निविदा काढण्यापूर्वी ते भाषण वाचावे.