विहिरीचा तळ आणि पाणबुड्याची साधने

बीड शहराच्या दक्षिणेस पाच-सहा किलोमीटरवर असलेली खजाना विहीर आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. मूर्तजा निजामशाहाच्या कारकिर्दीत (१५६५ ते १५८८) बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली आणि राजा भास्कर नावाच्या स्थपतीने तिची आखणी केली, असे सांगण्यात येते. या विहिरीचे खरे नवल तिच्या भुयारांत आहे. दोन भुयारांतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून ते बलगुजरच्या बागायतीकडे जाते. म्हणजे हा नुसता साठा नव्हे, वाहत्या पाण्याचा एक टप्पा आहे. बाहेर जाणाऱ्या भुयाराच्या तोंडाशी गाळ-कचरा दाटला, की बागायतीचे पाणी तुटलेच म्हणून समजावे. तेव्हा तळ साफ कसा ठेवावयाचा, हा विचार बांधणाऱ्याने बांधतानाच केलेला असला पाहिजे. पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जी नहर आणली, तिच्या भूमिगत मार्गावर ठिकठिकाणी माणूस उतरू शकेल अशी तोंडे ठेवलेली आहेत, तीही याच चिंतेतून.

पाण्याखालचा कचरा काढावयाचा तर कोणती साधने घ्यावीत, हा प्रश्न ऐकण्यास अगदी नवा वाटतो. पाठीवर हवेची टाकी बांधलेले समुद्रावरील तरुण डोळ्यांसमोर येतात. परंतु आमच्या या कोरड्या मुलखात हा प्रश्न शतकानुशतके विचारला गेलेला आहे. त्याची उत्तरेही तयार होती. ती कोणी लिहून ठेवली नाहीत एवढेच.

घरोघरी चालणारे पहिले साधन म्हणजे गळ. चार-पाच आकडे एकत्र जोडलेला, दोराला बांधलेला हा लोखंडी गळ वाड्यावस्तीत एखाद्याच घरी असे आणि सगळी आळी तो मागून नेई. पोहरा बुडाला, घागर निसटली, की काठावरूनच गळ फिरवावयाचा. माणूस पाण्यात जात नाही, हा त्याचा मोठा गुण. गळास लागत नाही ते काढण्यासाठी मग पट्टीचा पोहणारा बुडी मारी. उन्हाळ्यात पाणी तळास गेले की फावडी, घमेली आणि यारी घेऊन गाळ उपसला जाई. या कामात एक शहाणपण होते. खाली उतरण्यापूर्वी जळता दिवा दोराने आत सोडीत. तो विझला तर कोणी उतरत नसे. कुजलेल्या गाळातून निघणारे वायू आणि कोंडलेली प्राणहीन हवा यांनी विहिरीत माणसे आजही मरतात. एकास वाचविण्यास दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही. दिवा हवेतील प्राणवायू सांगतो, विषारी वायू मात्र नेहमी सांगत नाही. म्हणून आता वायुमापक यंत्र हवे, आणि ते साधनांच्या यादीत हातमोज्यांच्याही आधी लिहावे असे आमचे मत आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. ज्या हातांनी गाळ उपसला, त्या हातांस त्याच पाणवठ्यावर घागर भरण्याची मुभा असेच असे नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांसह जावे लागले, ते एवढ्या साध्या हक्कासाठी. तळाच्या स्वच्छतेचा इतिहास लिहिताना तळाशी कोण उतरले आणि काठावर कोण उभे राहिले, हे विसरता येत नाही.

मग विहिरी घाण का झाल्या? लोक आळशी झाले, हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. पायऱ्यांच्या बारवांतून नारूचा रोग पसरे. रोग्याने पाण्यात पाय घातला की जखमेतून जंताची पिले पाण्यात सुटत. पाण्यातील बारीक किडा ती गिळी आणि तो किडा पिणाऱ्याच्या पोटात जाई. १९८३-८४ पासून देशभर नारू निर्मूलनाची मोहीम चालली आणि पायऱ्यांच्या विहिरींत उतरण्यास अटकाव करण्यात आला. देशातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. हे फार मोठे काम झाले, यात शंका नाही. परंतु तेवढ्याच काळात नळ आले, विंधन विहिरी आल्या आणि बारवेत रोज उतरणारे पाय थांबले. ज्या पाण्यात कोणी वाकून पाहत नाही, त्यात निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, फुटकी काच आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती जाऊन पडतात. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळून जाते. प्लास्टरची लवकर विरत नाही, आणि तिच्या आतील लोखंडी सळई गंजून टोकदार होऊन राहते.

बुडी मारणाऱ्याच्या साधनांचाही स्वतंत्र इतिहास आहे. मनारच्या आखातातील मोती काढणारा पाणबुड्या पायाशी दगड घेऊन तळास जाई, जाळीच्या पिशवीत शिंपले भरी आणि दोर हलविताच वरचा सोबती त्यास ओढून घेई. दगड, जाळी, दोर आणि वर बसलेला विश्वासाचा माणूस, या चार गोष्टींत पुढील सर्व विद्येचे बीज आहे. एकोणिसाव्या शतकात सीब याचा धातूचा शिरस्त्राण असलेला बंद पोशाख आला आणि १८३९ पासून पॅस्ली याने ‘रॉयल जॉर्ज’ या बुडालेल्या जहाजाचे अवशेष त्याच्या साह्याने हलविले. वरून नळीने येणाऱ्या हवेचे हे बंधन १९४३ च्या सुमारास फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी तोडले. श्वास ओढताच पाण्याच्या दाबाइतकी हवा देणारी त्यांची झडप म्हणजेच आजच्या स्कूबाचे हृदय. त्यानंतर समुद्रतळाशी माणूस हिंडू लागला आणि आपण तेथे काय काय टाकले आहे, हे त्यास दिसू लागले. मालवणचा किनारा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्या बाजूस पाणबुडे खडकांत अडकलेली नायलॉनची जाळी कापून काढतात. २०११ पासून जगभरचे हौशी पाणबुडे आपण काढलेला कचरा मोजून त्याची नोंदही ठेवू लागले.

या समुद्री अनुभवातून विहिरीने काय घ्यावे? पिशवी जाळीचीच घ्यावी, म्हणजे पाणी निथळते आणि गाळ मागे राहतो. पण ती कमरेस घट्ट बांधू नये, हातात धरावी किंवा एका झटक्यात सुटेल अशी अडकवावी. सुया, पाती, काच यांकरिता झाकणाचा जाड डबा निराळा. हातमोजे न कापले जाणारे हवेत. सुरी बोथट टोकाची, आणि तिच्यापेक्षाही मजबूत कात्री बरी. दोर आणि जाळे कात्रीने एका हाताने कापता येते.

वजनाचा हिशेब मात्र नीट समजून घेतला पाहिजे, कारण माणसे तेथेच फसतात. अंगावरच्या हवेच्या जाकिटात हवा भरून जड वस्तू वर आणू नये. ती हातातून सुटली तर जाकिटाची हवा माणसासच वेगाने वर फेकते, आणि त्या वेळी श्वास कोंडून धरला असेल तर फुप्फुस फाटते. पाच-सात किलोंहून जड वस्तूस निराळी हवेची थैली बांधतात. दहा मीटर खोलीवर त्या थैलीत पाच लिटर हवा भरली, तर पृष्ठभागी येईतो तिची दहा लिटर होते, कारण दाब निम्मा होतो. म्हणून थैली वर येताना हवा सोडीत आणावी लागते. आमच्याकडे पोरे सुका भोपळा बांधून पोहावयास शिकत. तत्त्व तेच, फक्त भोपळा फुगत नसे. विहिरीत तर हा खटाटोप बहुधा नकोच. वर काठ आहे, यारी आहे, चार माणसे आहेत. घमेले दोराने ओढावे, हे आम्हांस अधिक पसंत.

उलट समुद्रातील काही साधने विहिरीत घातक ठरतात. पायाची मोठी वल्ही एकदा हलली की तळाचा गाळ उठतो आणि दिवा असूनही हाताचा पंजा दिसत नाही. तेथे डोळ्यांवर विसंबू नये. अंगास दोर बांधावा, वरच्या माणसाशी ओढीच्या खुणा ठरवून घ्याव्यात आणि दुसरा पाणबुड्या तयार ठेवावा. कुजलेल्या पाण्यात सगळा चेहरा झाकणारा मुखवटा घ्यावा, कारण साध्या साधनात तोंडातील नळीच्या कडेने पाणी आत येते. खजाना विहिरीसारख्या ठिकाणी भुयारात तर शिरूच नये. डोक्यावर दगड असला की हवा संपल्यावर वर येण्याची वाटच उरत नाही. गुहेतील बुडीचे शिक्षण वेगळे, तिची सामग्रीही वेगळी.

आणि पाणी कंबरेइतकेच असेल, तर टाकी पाठीवर घेण्याचे कारणच नाही. पंप लावून पाणी उतरवावे आणि जुन्या रीतीने गाळ काढावा. ते उपसलेले पाणी कोणाच्या शेतात सोडावयाचे हे आधी ठरवून घ्यावे. आमच्या जिल्ह्यात त्यावरूनही भांडणे होतात.

शेवटची एक पिशवी निराळ्या रंगाची असावी. बारवेच्या तळाशी कचऱ्याखाली जुनी खापरे, कोरीव दगड, क्वचित नाणी निघतात. अशी वस्तू घासू नये, उन्हात वाळवू नये. ती कोठे आणि किती खोलीवर सापडली ते लिहून, ओली ठेवूनच ती पुरातत्त्व खात्यास कळवावी. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. खजाना विहिरीचे नाव कसे पडले याविषयी, सरकारी खजिन्याचा सगळा पैसा तिच्या बांधकामावर गेला म्हणून, अशी कथा सांगतात. तळाशी सोन्याची आशा धरून कोणी उतरणार असेल, तर त्याने ही कथा आधी ऐकून घ्यावी.