फॉरमॅट मारूनही व्हायरस परत येतोय? मूळ कुठं दडलंय ते आधी शोधा

घरातला कॉम्प्युटर अचानक रखडायला लागतो. ब्राउझर उघडला की भलतंच पान समोर येतं, कोपऱ्यात जाहिराती उसळतात, पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले दिसतात. मग गावातला नाहीतर तालुक्याच्या गावातला जाणकार पोरगा बोलावला जातो. तो फॉरमॅट मारून देतो, आठवडाभर मशीन मस्त पळतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोन-तीनदा असं झालं की सल्ला मिळतो, "हे आता जुनं झालं, नवीन घ्या."

बऱ्याच वेळा दोष मशीनच्या वयाचा नसतो. उसातला लव्हाळा वरून खुरपला तर चार दिवस सरी स्वच्छ दिसते, पण जमिनीतली गाठ तशीच राहते आणि पाणी दिलं की तो परत डोकं काढतो. चिवट व्हायरसचंही तसंच. दिसणारी फाइल उडवली जाते, पण तिला परत आणणारी गाठ दुसरीकडं असते. कधी पेनड्राइव्हमध्ये, कधी डी ड्राइव्हमध्ये, कधी फुकटच्या क्रॅक सॉफ्टवेअरमध्ये, तर कधी चक्क गुगल खात्यात. ती सापडेपर्यंत कितीही वेळा फॉरमॅट मारला तरी उपयोग नाही.

नुसता कॉम्प्युटर स्लो होतो एवढाच हा त्रास असता तर चाललं असतं. पण आजकालचे बरेच व्हायरस गुपचूप बसून ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतात. ईमेल, नेटबँकिंग, जीएसटीचं लॉगिन, पोरांच्या प्रवेशाचे अर्ज भरलेलं खातं, सगळं एकाच मशीनवर असतं. व्हायरसने काय होऊ शकतं याचा मोठा नमुना ऑगस्ट २०१८ मध्ये दिसला. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत व्हायरस घुसवून चोरांनी ९४ कोटींहून जास्त रक्कम लांबवली. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, भारतातही निघाले, आणि त्यात कोल्हापूरची एटीएमही होती. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. घरचा कॉम्प्युटर म्हणजे बँक नव्हे हे खरं. पण घरातल्या बँकखात्याची किल्ली त्याच्यातच असते.

पेनड्राइव्हची जुनी वाट

कोल्हापूर जिल्ह्यात खेड्यात कॉम्प्युटर येऊन बरीच वर्षं झाली. वारणा खोऱ्यातल्या ७० गावांत १९९८ मध्येच ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला होता. पुढं २००२ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले आणि कोर्स केलेल्या पोरांच्या हट्टानं कॉम्प्युटर घराघरात पोचला. प्रिंटर मात्र घरोघरी पोचला नाही. त्यामुळं दाखल्याची प्रत, बायोडाटा, लग्नाची पत्रिका, फोटो स्टुडिओतले फोटो, सगळं पेनड्राइव्हवर घालून झेरॉक्स सेंटरला न्यायचं. तिथल्या मशीनला दिवसभरात गावभरचे पेनड्राइव्ह लागतात. एकाचा रोग सगळ्यांना लागायला एवढं पुरेसं आहे.

पूर्वी पेनड्राइव्ह लावला की त्यातला प्रोग्रॅम आपोआप चालू व्हायचा. जुन्या विंडोजमधली ही सोय मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये बंद केली. तेव्हापासून शॉर्टकटची युक्ती जास्त चालते. व्हायरस खरं फोल्डर लपवून ठेवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर मांडतो. माणूस आपला फोल्डर समजून त्यावर क्लिक करतो. फोल्डर उघडतंही, पण त्याआधी व्हायरस चालू झालेला असतो. म्हणजे दार आपण स्वतःच उघडतो.

अशा पेनड्राइव्हमधला डेटा गेलेला नसतो, फक्त लपलेला असतो. स्वच्छ मशीनवर तो लावावा, कशावरही डबल क्लिक न करता आधी अँटिव्हायरसने तपासावा. मग फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करावा. तरीही दिसलं नाही तर ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये सिस्टिमच्या फाइली लपवणारी टिक काढावी. खरं फोल्डर फिकट रंगात दिसतं. त्यातले फोटो, पीडीएफ, वर्ड-एक्सेलच्या फाइली तेवढ्या उचलाव्यात, शॉर्टकटला हात लावू नये, आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा. घरात असतील तेवढे सगळे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं त्याच दिवशी तपासावीत. एक जरी राहिलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

सी साफ, डी तसाच

आपल्याकडं फॉरमॅट म्हणजे बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह पुसणं. डी आणि ई तसेच ठेवतात, कारण त्यात फोटो असतात आणि ‘सॉफ्टवेअर’ नावाचं एक फोल्डर असतं. फॉरमॅट झाल्यावर पहिलं काम काय? त्याच फोल्डरमधले जुने सेटअप परत टाकणं! सॅलिटी, रॅमनिट यांसारखे व्हायरस नेमके अशा सेटअपच्या म्हणजे ईएक्सई फाइलींमध्ये स्वतःला चिकटवून ठेवतात. सी कोरा झाला, विंडोज नवी आली, आणि पंधरा मिनिटांत घरमालकाच्याच हातानं व्हायरस पुन्हा बसला. फॉरमॅट मारूनही परत आला, या तक्रारीमागं बऱ्याचदा हेच असतं, आणि पैसे देऊनही हे कुणी समजावून सांगत नाही.

यावर उपाय एकच. जुने सेटअप सरळ टाकून द्यावेत. जे सॉफ्टवेअर लागतं ते त्या कंपनीच्या वेबसाइटवरून नव्यानं उतरवून घ्यावं. आपला डेटा जपायचा, प्रोग्रॅम जपायचे नाहीत.

क्रॅक आणि ‘अँटिव्हायरस बंद ठेवा’

फुकटची विंडोज, फुकटचं ऑफिस, फोटोचं सॉफ्टवेअर, गेम, मराठी टायपिंगचं क्रॅक केलेलं पॅकेज. यांच्यासोबत एक सूचना हमखास येते: टाकताना अँटिव्हायरस बंद करा. इथंच ओळखावं. काही क्रॅक तर एक पाऊल पुढं जातात. अँटिव्हायरसच्या ‘एक्सक्लुजन्स’ म्हणजे सूट दिलेल्या यादीत स्वतःचं फोल्डर घालून ठेवतात. मग कितीही स्कॅन मारा, त्या फोल्डरकडं अँटिव्हायरस बघतच नाही आणि अहवाल येतो, सगळं ठीक. सगळ्या फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा ‘स्टॉप’ नावाचा व्हायरसही जगभर घरच्या मशीनवर पसरला तो मुख्यतः अशा क्रॅकमधूनच.

मराठी टायपिंगसाठी तर ही जोखीम घ्यायची गरजच नाही. इनस्क्रिप्ट मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आधीपासून असतो, आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून विंडोज १० मध्येच मिळतो. दुसरी गोष्ट, दुकानातून विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये त्याची खरी लायसन्स की बहुधा मशीनच्या आतच साठवलेली असते. त्याच आवृत्तीची मूळ विंडोज पुन्हा टाकली की नेट जोडल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. तरीही अनेक ठिकाणी त्याच्यावर क्रॅक विंडोज चढवून दिली जाते. म्हणजे ज्याचे पैसे भरलेत ते काढून चोरीचं बसवायचं!

ब्राउझरमधला व्हायरस, जो व्हायरस नसतोच

उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले’ असा इशारा सारखा येत असेल, तर तो बहुधा कुठल्यातरी वेबसाइटची नोटिफिकेशन असते. सिनेमा नाहीतर मॅच बघताना कधीतरी ‘अलाऊ’ दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स इथं जाऊन अनोळखी साइटची परवानगी काढली की गोंधळ थांबतो. मोबाइलवरच्या क्रोममध्येही हाच उपाय.

एखादं एक्सटेन्शन मात्र काढलं तरी परत येतं. क्रोम आपल्या गुगल खात्यात एक्सटेन्शन आणि सेटिंग साठवून ठेवतो आणि नव्या मशीनवर लॉगिन केलं की सगळं इमानदारीनं परत आणतो, वाईट एक्सटेन्शनसुद्धा. त्यामुळं आधी सिंक बंद करावं, खात्यात साठलेला सिंकचा डेटा पुसावा, मग एक्सटेन्शन काढून ब्राउझर रीसेट करावा. सेव्ह केलेले पासवर्ड त्याआधी वहीत उतरवून ठेवावेत, कारण सिंक पुसताना तेही जाऊ शकतात.

स्क्रीन लाल करून ‘या नंबरवर फोन करा’ म्हणणारं पान आलं तर फोन अजिबात करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगतो आणि मग कॉम्प्युटर त्याच्या हातात जातो.

सफाई करताना

पहिल्यांदा नेट तोडावं. वायफाय बंद, केबल काढलेली. त्यानंतर मशीनला हात लावायच्या आधी स्वच्छ मोबाइलवरून, मोबाइल डेटा वापरून, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत. गुगल खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन अनोळखी डिव्हाइस काढून टाकावेत. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्येही एकदा बघावं. बरेच जण पासवर्ड त्याच आजारी कॉम्प्युटरवर बसून बदलतात, मग नवा पासवर्डही चोराच्याच हातात जातो.

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस फुकट येतो. लॅपटॉपसोबत आलेला दुसरा ट्रायल अँटिव्हायरस मुदत संपून पडून असेल तर तो काढून टाकावा. आधी एक्सक्लुजन्सची यादी रिकामी करावी. मग विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथं स्कॅन ऑप्शन्स, आणि त्यात ऑफलाइन स्कॅन निवडावा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण जागी व्हायच्या आत तपासणी होते. साधारण पाव तास लागतो. चालू विंडोजमध्ये चिवट व्हायरस स्वतःला लपवतो, नाहीतर पुसलेली फाइल लगेच परत तयार करतो. ऑफलाइनमध्ये त्याला ती संधी मिळत नाही. त्यानंतर पूर्ण स्कॅन करावा, त्याला दोन-चार तास लागले तरी चालतील.

मग गाठ शोधायची. टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीत आणि ‘टास्क शेड्युलर’मध्ये काय काय आपोआप चालू होतं ते बघावं. दर तासाला चालणारं, अर्थहीन अक्षरांच्या नावाचं काम तिथं दिसलं की समजावं, पुसलेली फाइल परत कोण आणतंय ते. माहिती नसलेल्या नावाबद्दल आधी मोबाइलवर शोधून बघावं, दिसेल ते उडवू नये. विंडोजची स्वतःचीही बरीच कामं तिथं असतात. घरातल्या मोबाइलवरही त्याच वायफायवर भलती पानं उघडत असतील, तर संशय राउटरवर घ्यावा. तो रीसेट करून त्याचा पासवर्ड बदलावा. नेटवाल्याची सेटिंग पुन्हा भरावी लागते, म्हणून आधी त्याला विचारलेलं बरं.

सरकारचीही एक मोफत सोय आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. त्याच्या वेबसाइटवर व्हायरस काढायची टूल्स फुकट मिळतात. ती तयार करणाऱ्या कंपन्यांत पुण्याची क्विक हीलही आहे. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढं दुरुस्तीला येणारे कॉम्प्युटर व्हायरसनंच बिघडलेले असतात हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर सॉफ्टवेअर लिहिलं. क्विक हीलची सुरुवात ही अशी, १९९० च्या दशकातली.

एवढं करूनही परत आला तर

मग फॉरमॅटच, पण पूर्ण. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्यावीत, ईएक्सई, स्क्रिप्ट, शॉर्टकट काहीही घेऊ नये. विंडोजचा पेनड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून बनवून घ्यावा. कोरा ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. इन्स्टॉल करताना सी, डी, ई सगळी पार्टिशन डिलीट करावीत. दुकानात देत असाल तर हे असंच पाहिजे म्हणून सांगावं, आणि शक्य असल्यास समोर बसून करून घ्यावं. विंडोज आली की आधी सगळे अपडेट, मग ब्राउझर, आणि डेटा परत घालायच्या आधी त्या डिस्कचा स्कॅन.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नसेल आणि काम फक्त नेट, टायपिंग, व्हिडिओ एवढंच असेल, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू फुकट टाकता येतं. टॅलीसारखं विंडोजवरचं काम असेल त्यांनी मात्र हा मार्ग विचार करून घ्यावा.

खात्यातून पैसे गेले असतील तर फॉरमॅटची घाई करू नये, पुरावा पुसला जातो. नेट तोडून मशीन बाजूला ठेवावं, लगेच १९३० या नंबरवर फोन करावा, बँकेला कळवावं. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. व्यवहाराचा एसएमएस आणि खात्याचा उतारा सोबत ठेवावा.