परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण : लेखनाधिकाराचा इतिहास

परिचर्या-व्यवसायाचा इतिहास बहुधा सेवाभावाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्या मांडणीत त्याग, ममता, सहनशीलता ही मूल्ये ठळक होतात. ज्ञान, निर्णय आणि लेखन या गोष्टी मागे पडतात. वस्तुतः विसाव्या शतकात विद्यापीठीय परिचर्या-शिक्षण ज्या प्रश्नाभोवती घडत गेले, तो लेखनाधिकाराचा प्रश्न आहे. रुग्णालयाच्या पारंपरिक व्यवस्थेत डॉक्टर ‘ऑर्डर’ लिहितो आणि ती अमलात आणल्याची नोंद परिचारिका करते. दोघेही लिहितात, परंतु एकाचे लेखन निर्णय ठरते, दुसरीचे पूर्तीचा दाखला. नेतृत्वासाठी व प्रगत कार्यासाठी दिल्या जाणाऱ्या पदव्युत्तर शिक्षणाने ही विभागणी कोठवर बदलली, आणि भारतात ती कोठे अडली, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनाही परका नाही. कारण कर्तृत्व आणि लेखकत्व यांचा संबंध हा त्यांच्याही शास्त्राचा विषय आहे.

१. संज्ञांची साक्ष

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण दिले आहेत. उपस्थात्याच्या गुणांत दक्षता, आत्मीयता व शुचिता यांच्या आधी उपचारांचे ज्ञान येते, हे लक्षणीय आहे. आधुनिक मराठीतील संज्ञांनी मात्र वेगळी वाट धरली. महाराष्ट्राच्या शासकीय आरोग्यसेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी चढती श्रेणी आहे. तीत उपसर्ग बदलतात, धातू ‘चर्’ किंवा ‘सेव्’ हाच राहतो. अध्यापन करणारी तेवढी पाठ्यनिर्देशिका होते. म्हणजे पदाची उंची वाढली तरी शब्दाचा गाभा सेवेचाच राहतो आणि ज्ञानाचा उल्लेख वर्गखोलीपुरता उरतो. रुग्णशय्येजवळ स्वतःच्या निर्णयाने काम करणाऱ्या उच्चशिक्षित परिचारिकेसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा इंग्रजी शब्दच वापरावा लागतो.

‘सेवा’ या शब्दाच्या या वर्चस्वाला सामाजिक कारण आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ससून रुग्णालयात स्त्रियांच्या, विशेषतः विधवांच्या, परिचर्या-प्रशिक्षणाची वाट खुली केली. परक्या रुग्णाच्या शरीराला स्पर्श करण्याचे काम ज्या घरांत हीन मानले जाई, त्या घरांतील स्त्रियांना घराबाहेर पडण्यासाठी प्रतिष्ठेचा आधार हवा होता. तो ‘सेवा’ या शब्दाने दिला. त्याची किंमतही मोजावी लागली. सेवेचे मोल वेतनाने करू नये आणि सेवा करणाऱ्याने अधिकार मागू नये, हे संकेतही त्या शब्दाबरोबर आले.

२. अमेरिकेतील घडण

पदव्युत्तर परिचर्या-शिक्षणाचा आकृतिबंध प्रामुख्याने अमेरिकेत सिद्ध झाला. म्हणून भारताकडे वळण्यापूर्वी तो क्रम पाहणे आवश्यक आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेली शाळा रुग्णालयाच्या आधाराने चालणारी होती. या पद्धतीचा जगभर प्रसार होताना विद्यार्थिनी हीच रुग्णालयाची स्वस्त कामगार ठरू लागली. शिक्षण रुग्णालयाच्या गरजेतून सोडवायचे, तर ते विद्यापीठात नेणे भाग होते. १८९९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाशी संलग्न टीचर्स कॉलेजात प्रशिक्षित परिचारिकांसाठी रुग्णालय-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९०७ मध्ये तेथेच मेरी ॲडलेड नटिंग प्राध्यापक झाल्या; परिचर्या-क्षेत्रातून विद्यापीठीय प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या मानल्या जातात. त्याच वर्षी लव्हिनिया डॉक यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या परिचर्येच्या इतिहासाचे पहिले दोन खंड प्रसिद्ध झाले. अध्यासन मिळवणे आणि स्वतःचा इतिहास स्वतः लिहिणे या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, याकडे केवळ योगायोग म्हणून पाहता येत नाही. १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने शाळांच्या दुरवस्थेवर बोट ठेवले आणि येल विद्यापीठाची स्वतंत्र परिचर्या-शाळा त्याच वर्षी उभी राहिली.

लेखनाधिकाराचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांच्या बाबतीत दिसतो. परिचारिका व रुग्ण यांच्यातील परस्परसंबंध हेच उपचाराचे साधन आहे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये लिहून पूर्ण होता. तो प्रकाशित झाला १९५२ मध्ये. डॉक्टर सहलेखक नसताना परिचारिकेने सैद्धांतिक ग्रंथ लिहावा, हेच त्या काळी अस्वीकारार्ह वाटले. १९५४ मध्ये रटगर्स विद्यापीठात त्यांनी मनोरुग्ण-परिचर्येतील तज्ज्ञ घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. रुग्णाशी झालेला संवाद शब्दशः लिहून काढणे आणि मग त्यातील पुनरुक्ती, मौन, विषयांतर यांचे विश्लेषण करणे, ही त्यांच्या अध्यापनाची मुख्य पद्धत होती. येथे परिचारिकेची नोंद पूर्तीचा दाखला राहत नाही. ती वाचायची, अर्थ लावायची संहिता बनते. पुढे १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ घडवणारा उपक्रम आरंभिला. आज अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांत अशा परिचारिकांना तपासणी, निदान व औषधयोजना स्वतंत्रपणे करता येते. हा अधिकार राज्याराज्यांच्या विधिमंडळांत, अनेकदा डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध पत्करून, मिळवावा लागला.

३. भारतातील क्रम

भारतात पदवी तुलनेने लवकर आली. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. नोंदणीकृत परिचारिका सुमारे ७,००० आणि प्रमाण ४३,००० लोकसंख्येमागे एक, हे वास्तव त्याने समोर ठेवले. त्याच वर्षी दिल्लीत नर्सिंग कॉलेज स्थापन झाले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. दिल्लीचे कॉलेज पुढे राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद झाली. देशातील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९ मध्ये दिल्लीतच सुरू झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले.

म्हणजे पेप्लाऊ यांच्या अभ्यासक्रमानंतर अवघ्या पाच वर्षांत आणि फोर्ड यांच्या उपक्रमाच्या सहा वर्षे आधी भारतात परिचर्येची पदव्युत्तर पदवी उपलब्ध झाली होती. तरीही तिला अनुरूप अधिकार आला नाही. या विलंबाचे कारण पदवीच्या उपयोगात शोधावे लागते. महाविद्यालये वाढली, अध्यापकांची गरज वाढली आणि एम.एस्सी. ही मुख्यतः अध्यापक होण्याची अर्हता बनली. परिषदेच्या अभ्यासक्रमात प्रगत परिचर्या, संशोधन व संख्याशास्त्र, परिचर्या-व्यवस्थापन, निवडलेली विशेष शाखा आणि प्रबंध यांचा समावेश आहे. पण वॉर्डात त्या ज्ञानाला साजेसे पद क्वचितच निर्माण झाले. नेतृत्व वर्गात गेले आणि रुग्णशय्येजवळ पूर्वीचीच श्रेणी टिकली. जी सर्वाधिक शिकली ती रुग्णापासून सर्वाधिक दूर गेली, असा विपर्यास त्यातून घडला.

हा विपर्यास दूर करण्याचा स्पष्ट प्रयत्न २०१७ पासून दिसतो. त्या वर्षीच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने नर्स प्रॅक्टिशनरसारख्या अभ्यासक्रमांना पाठिंबा दिला. परिषदेने आखलेला अतिदक्षता शाखेचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रमही याच सुमारास सुरू झाला. त्याचे शिक्षण प्रामुख्याने प्रत्यक्ष रुग्णसेवेतून होते आणि उपचारविषयक निर्णय ठरवून दिलेल्या कार्यपद्धती व स्थायी आदेश यांच्या चौकटीत घ्यायचे असतात. प्रसूतिसेवेसाठी २०१८ मध्ये केंद्र शासनाने स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे काढली. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. पण पदनिर्मिती, वेतनश्रेणी आणि औषधयोजनेचा वैधानिक अधिकार या तीन गोष्टी जोवर पदवीशी जोडल्या जात नाहीत, तोवर अभ्यासक्रमातील ‘प्रगत’ हे विशेषण कागदावरच राहील.

४. भाषांतराचे न मोजलेले काम

भारतीय संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. उच्च परिचर्या-शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. रुग्ण बोलतो मराठी, तमिळ, संताळी किंवा भोजपुरी. परिचारिका अनेकदा तिसऱ्याच प्रदेशातली. केरळातून देशभर गेलेल्या परिचारिकांनी तर दुसरी-तिसरी भाषा वॉर्डातच आत्मसात केली. ‘पोटात कालवतंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘अंगात कणकण आहे’ अशी वाक्ये ऐकून ती इंग्रजी नोंदीत उतरवणे हे भाषांतरच असते, आणि त्यात चूक झाली तर निदान चुकू शकते. पेप्लाऊ यांची शब्दशः नोंदीची पद्धत येथे वापरायची, तर मूळ बोली आणि तिचे भाषांतर या दोन्हींची नोंद ठेवावी लागेल. अभ्यासक्रमात संप्रेषणकौशल्याचा समावेश आहे. भाषांतराला मात्र स्वतंत्र कौशल्याचा दर्जा मिळालेला नाही.

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकांना येथे प्रत्यक्ष काम करता येण्याजोगे आहे. आजाराच्या लोकभाषिक संज्ञांचे बहुभाषिक कोश, वॉर्डातील संवादांचे संहिता म्हणून विश्लेषण, परिचारिकांनी भारतीय भाषांत लिहिलेल्या आत्मकथनांचा व व्यावसायिक लेखनाचा संग्रह, ही त्याची काही क्षेत्रे. नटिंग आणि डॉक यांनी आपल्या व्यवसायाचा इतिहास लिहिला तेव्हा त्यांच्यापाशी विद्यापीठाचे अध्यासन होते. भारतातील पदव्युत्तर परिचारिकांपाशी अध्यासने आहेत, प्रबंध आहेत, सहा दशकांहून अधिक काळाची पदवीपरंपरा आहे. रुग्णाच्या शेजारी उभे राहून त्यांनी केलेले निरीक्षण निर्णय म्हणून नोंदले जाईल अशी कायदेशीर व भाषिक व्यवस्था उभारणे, हे उरलेले काम आहे. आणि ते एकट्या परिचर्या-शास्त्राने पेलण्यासारखे नाही.